सोलापूर जिल्ह्यात बेकार कोण?

बेकार कोणास म्हणावे, असे एखाद्या शेतकऱ्यास विचारले तर तो म्हणेल, ज्यास काम नाही तो. उत्तर सरळ आहे. परंतु सरकारी मोजणीतला बेकार निराळा आणि आमच्या गल्लीतला निराळा, हे आमच्या वाचकांनी नीट समजून घेतले पाहिजे. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षी सरकारने देशभर रोजगाराची पाहणी केली. तीत पंधरा वर्षांवरील, काम करणाऱ्या वा काम शोधणाऱ्या शंभर माणसांमागे तीनच (बरोबर सांगावयाचे तर ३.२) बेकार निघाली. मग सोलापूरच्या ठेशनावर पहाटे पुण्याच्या गाडीसाठी पिशव्या घेऊन उभी राहणारी ही पोरे कोण? मंगळवेढ्याच्या कोरडवाहू गावांतून दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघणारी बिऱ्हाडे कोण? हे सारे त्या शंभरातल्या सत्त्याण्णवांत मोडतात.

हा चमत्कार कसा होतो तो पाहा. या पाहणीत दोन मापे असतात. पहिले वर्षाचे. मागील वर्षात ज्याने एखादे काम एकूण तीस दिवस केले तोही कामकरी धरला जातो. दुसरे आठवड्याचे. मागील सात दिवसांत एका दिवशी एक तास काम केले तरी तो कामकरी. शिवाय घरच्या मागावर किंवा घरच्या रानात जी बाई छदाम न घेता राबते, तीही कामकरीच. ही मापे लबाडीने केलेली आहेत असे आम्ही म्हणत नाही. जगातल्या पुष्कळ देशांत अशीच मापे आहेत, आणि ज्या देशांत मनुष्याला एक तर पगारी नोकरी असते नाही तर सरकारी बेकारभत्ता मिळतो, तेथे ती शोभतात. आमच्याकडे बेकार राहावयास घरात दाणे असावे लागतात. ज्याच्या घरी दाणे नाहीत तो कसले ना कसले काम करतोच. कोणाची भिंत लिंपतो, कोणाचा भाजीचा गाडा ढकलतो, नाही तर तीन दिवस खुरपायला जातो. म्हणून या जिल्ह्यात माणसे मोजून बेकारी कळावयाची नाही. कामाचे दिवस मोजले पाहिजेत, आणि दिवसामागे पदरी काय पडले ते मोजले पाहिजे. आमचे आजचे सारे म्हणणे एवढेच आहे, आणि ते एकेक धंदा घेऊन आम्ही दाखविणार आहो.

प्रथम गिरण्यांची हकीकत. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली चालू झाली. त्या वेळी या मुलखावर मोठा दुष्काळ होता. शेतकऱ्याची जनावरे मेली, कुणबी गाव सोडून निघाला, आणि गिरणीला स्वस्त हात मिळाले. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आसपासच्या तालुक्यांतून मराठे, धनगर, महार, मांग आले. आणखीही एक वर्ग आला, तो आपल्या पायांनी आला नाही. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांची सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत केली. तिला लोक सेटलमेंट म्हणत. तेथली बायकामाणसे हजेरी देऊन गिरणीत कामाला जात व हजेरी द्यायला परत येत. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. काम असूनही मनुष्य स्वतंत्र नसतो, हे सोलापूरने असे डोळ्यांनी पाहिलेले आहे.

गिरणीचे काम सुखाचे होते असे कोणी समजू नये. पण गिरणीत एक गोष्ट होती, ती म्हणजे हजेरीबुक. तेथे कामगाराचे नाव लिहिलेले असे, भोंग्याची वेळ ठरलेली असे, पगाराची तारीख ठरलेली असे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणीकामगारांची सभा भरवून ज्या मागण्या केल्या आणि १८९० साली रविवारची सुटी मिळविली, ती या हजेरीबुकाच्या आधारावरच मिळविली. ज्याचे नाव कोठेच लिहिलेले नाही, त्याने सुटी मागावी कोणाकडे?

हजेरीबुकाचे दुसरेही एक मोल आहे. सोलापूरची ती जुनी गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. हजारो माणसे एका दिवशी उघडी पडली, आणि ती नावानिशी उघडी पडल्यामुळे कोणास डोळे मिटता आले नाहीत. जानेवारी १९५० मध्ये दिल्ली सरकारने खास या एका गिरणीसाठी वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. गैरकारभारामुळे लोकांत मोठी बेकारी माजली, असे त्या कायद्याच्या आरंभीच लिहिले होते. भागीदार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९५३ साली न्यायालयाने तो कायदा घटनेविरुद्ध ठरविला. मालमत्तेच्या हक्कापुढे गिरणीकामगाराचे पोट हलके पडले, असे आमचे मत आहे. कायदेपंडितांचे निराळे असेल. ते कसेही असो, एका गिरणीची बेकारी तेव्हा दिल्लीपर्यंत गेली.

पुढे एकामागून एक साऱ्या मोठ्या गिरण्या बंद झाल्या. लक्ष्मी-विष्णूचा भोंगा १९९० नंतरच्या दशकात थांबला. त्या कामगारांचे काय झाले म्हणाल, तर ते बेकार झाले नाहीत. कोणी मागाच्या शेडात गेला, कोणी रिक्षा घेतली, कोणी रखवालदार झाला, आणि त्यांच्या बायका विड्या वळू लागल्या. सरकारी मापाने सारे कामाला लागले. फक्त पगाराची तारीख गेली, फंड गेला, म्हातारपणचा आधार गेला.

आता मागाचे शेड पाहू. सोलापुरी चादर देशभर ठाऊक आहे. तिला आणि इथल्या टॉवेलला भौगोलिक मानांकनाचा सरकारी शिक्का मिळालेला आहे. पण शिक्का चादरीला मिळाला, विणणाऱ्याला नाही. मागावरच्या माणसाची मजुरी नगावर किंवा वजनावर ठरते. सूत महाग झाले, विजेचा दर वाढला, परमुलखातला माल सोलापुरी म्हणून बाजारात खपू लागला, की मालक पहिली पाळी कमी करतो. माणूस काढला असे तो म्हणत नाही. तो म्हणतो, "आज सूत नाही, परवा ये." असे चार परवे गेले म्हणजे आठवडा संपतो. कागदावर माणूस कामावर, आणि मंगळवारच्या बाजारात त्याच्या बायकोच्या पिशवीत पावशेर तेल.

शेड लहान का असतात, यालाही कारण आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने, जेथे वीज चालते व दहा माणसे राबतात तो कारखाना धरला. मग एकाच भिंतीआडच्या मागांवर भावाचे, मेव्हण्याचे, सुनेचे असे निरनिराळे नाव चढते आणि कोठेच दहा माणसे भरत नाहीत. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या श्रमसंहितेत दहाचे वीस केले आहेत; म्हणजे आता इतकी नावे शोधण्याचेही श्रम वाचले. सगळेच मालक लबाड आहेत असे नाही. दोन-चार मागांचा पुष्कळ मालक स्वतःच साचावर उभा असतो, त्याची बायको कांड्या भरते, म्हातारा गाठी मारतो. त्याला मालक म्हणावे की मजूर, हे ठरविणे कठीण. पण मोजणीत तो स्वयंरोजगारी म्हणून सन्मानाने बसतो, आणि कांड्या भरणारी त्याची बायको मदतनीस म्हणून.

विडीचा धंदा याहून मोठा, आणि याहून मुका. सोलापूर शहरात हजारो घरांत बायका उंबऱ्याशी सूप घेऊन बसतात. कारखान्यातून तेंदूची पाने व तंबाखू आणावयाची, पाने भिजवावयाची, कात्रीने कापावयाची, वळावयाची, दोऱ्याने बांधावयाची, आणि मोजून परत द्यावयाची. मजुरी हजारावर. हजार विड्या म्हणजे सबंध दिवस. तोही तरुण बोटांचा, आणि शाळेतून आलेल्या पोरीने दोरा बांधू लागला तर. कारखान्यात तपासणारा बसतो, तो कितीएक विड्या वाईट म्हणून बाजूला काढतो. त्यांची मजुरी नाही. पाने निकृष्ट निघाली तर हजार भरत नाहीत, मग तूट स्वतःच्या पैशाने पाने घेऊन भरावयाची.

हे काम घरात होते म्हणून त्यास पूर्वी काम म्हणत नसत. १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला, त्याने घरी बसून वळणारी बाईही कामगार ठरली. मालक न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९७६ च्या कायद्याने विडीवर लहानसा उपकर बसवून त्यातून दवाखाने, मुलांस शिष्यवृत्त्या, घरे यांची तजवीज केली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा विडीवर शेकडा २८ कर बसला, आणि तो उपकर मात्र काढून टाकला. ज्या पैशावर कामकरी बाईच्या दवाखान्याचे नाव लिहिले होते ते नाव पुसले गेले, हे आमच्या कितीशा भगिनींना कोणी सांगितले असेल?

विडी आरोग्याला वाईट आहे, यात वाद नाही. ओढणाऱ्याच्या छातीला वाईट, वळणारीच्याही. हा धंदा आज ना उद्या आटत जाणार आणि तो आटावा हेच बरे. परंतु तो आटतो कसा ते पाहा. कारखाना बंद होत नाही, बाईला काढले जात नाही. आठवड्यातले दिवस कमी होतात. समजा, एका बाईस पूर्वी सहा दिवस पाने मिळत, आता चार मिळतात. तिची तिसरा हिस्सा बेकारी झाली. अशा तीन बायका म्हणजे एक पुरी बेकार. शहरात अशा किती तिप्पटी असतील याचा हिशेब करणारे एकही खाते आम्हांस दिसत नाही. आठवड्यात एक तास काम केलेली बाई कामकरी धरावयाची असल्यामुळे त्या तिघीही कामकरी.

या कामगारांनी संघटना करून घरे मिळविली, ही मोठी गोष्ट झाली. कुंभारीस २००६ साली दहा हजार घरे झाली, आणि त्याच भागात रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. पक्के घर मिळाले म्हणजे पावसात पाने भिजत नाहीत. पण घराला दर महिन्याला हप्ता, वीजबिल, पाणीपट्टी असते, आणि ती चार दिवसांच्या आठवड्यात भरावयाची असते.

शहर सोडून तालुक्यांत या. उजनीचे धरण १९८० साली झाले आणि माढा, पंढरपूर, माळशिरस, करमाळा या भागांत ऊस पसरला. माळीनगरला सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ साली आपला साखर कारखाना स्थापिला होता. कुणब्या-माळ्यांस कारखाना चालविता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर होते. आज या जिल्ह्यात तीसच्या आसपास कारखाने आहेत, राज्यात कोणत्याही जिल्ह्याहून अधिक. मग येथे कामाचा सुकाळ असावा! परंतु गाळप हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. कारखाने जितके जास्त तितका ऊस वाटून जातो व हंगाम आखूड होतो. हंगामी कामगार चार महिने कारखान्याचा आणि आठ महिने देवाचा. तोडणीला बीडकडची माणसे येतात, आणि आमच्याच सांगोला-मंगळवेढ्याची माणसे उचल घेऊन दुसरीकडे जातात. नवराबायको मिळून एक कोयता! दोन माणसांचे एक हत्यार धरून मजुरी देण्याची ही रीत आणखी कोणत्या धंद्यात असेल तर आम्हांस दाखवावी. आता तोडणीची यंत्रे फडात येऊ लागली आहेत. यंत्राला आमचा विरोध नाही. उन्हात पाचट अंगावर घेऊन मोळी उचलणे हे काही माणसाचे भाग्य नव्हे. पण यंत्राने किती कोयते घरी बसविले हे मुकादमाच्या वहीशिवाय कोठे लिहिले जाणार?

सांगोल्यात डाळिंबाने काही वर्षे छाटणी, फवारणी, भरणी यांची चांगली मजुरी दिली. पुढे तेल्या रोगाने व खोडकिडीने बागाच्या बागा काढाव्या लागल्या. बागाईतदाराचे नुकसान पंचनाम्यात आले. बागेतल्या मजुराच्या गेलेल्या दिवसांचा पंचनामा होत नसतो. पंढरपूरचे तसेच. कुंकू, बुक्का, चुरमुरे, चुडे यांवर चार यात्रांत वर्षाची बेगमी करणारी घरे २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे वारी थांबली तेव्हा दोन वर्षे कर्जावर जगली. शहरात शाळेचे गणवेश शिवण्याचा धंदा वाढला आहे, हे खरे. पण शिवणयंत्रे उन्हाळ्यात रात्रंदिवस चालतात आणि शाळा उघडल्या की थंडावतात. दक्षिण सोलापुरात १३२० मेगावाटचे वीजघर उभे राहिले. जमिनी देणाऱ्यांच्या मुलांना त्यात कायमची नोकरी किती मिळते, हे त्या गावांत जाऊन विचारावे. एवढ्या भांडवलाच्या कारखान्यात माणसे थोडी लागतात, हा यंत्राचा स्वभाव आहे. खोटी आशा लावणे हा मात्र माणसाचा.

यांतून शिकलेला तरुण उरला. सुताराचा, कोष्ट्याचा, कुणब्याचा पोरगा पदवी घेतो, आणि पोलीस भरती, तलाठी भरती, रेल्वे यांच्या परीक्षा देत सहा-सात वर्षे घालवितो. मोजणीत बेकार म्हणून खरोखर जो सापडतो तो हाच. कारण त्याला घरून दोन वर्षे थांबता येते. बाप अर्धा एकर गहाण ठेवून त्याला थांबू देतो. लोक या पोरांना आळशी म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. बापाची मजुरी ज्याने पाहिली, त्याने हजेरीबुक असलेली नोकरी मागितली तर काय चुकले? पण बापाच्या धंद्यातच हजेरीबुक यावे, अशी मागणी त्याने का करू नये, हेही आम्ही त्यास विचारतो.

सरकारजवळ काही साधने आहेत. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक माणसे ठेवणाऱ्या धंद्यास रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे बंधनकारक केले. पण विडीचे सूप आणि सहा मागांचे शेड पंचवीसमध्ये कसे येणार? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने मागेल त्याला काम ही योजना उभी केली, १९७७ साली तिचा कायदा केला, आणि २००५ साली देशाने त्यावरून शंभर दिवसांचा कायदा केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला, त्यात १२५ दिवस लिहिले आहेत. या कायद्यांत दिवस मोजले जातात, ही आम्हांस त्यांची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. पण मागणी अर्ज लिहून दिला तरच दिवस मागितला असे ठरते, आणि अर्जाची पोच घेतली तरच अर्ज दिला असे ठरते. तोंडी मागितलेले काम कोणत्याही आकड्यात येत नाही.

जानेवारी २०२५ पासून रोजगाराच्या पाहणीत जिल्हा हा मूळ घटक धरून घरे निवडली जातात. तेव्हा जिल्ह्याचा आकडा मागण्यास आता कोणाची आडकाठी नसावी. जिल्हाधिकारी कचेरीने हा आकडा धंदेवार, तालुकावार आणि दिवसवार प्रसिद्ध करावा, अशी आमची उघड मागणी आहे. या जिल्ह्यातील आमदार-खासदारांपैकी जो ती सभागृहात मांडील त्याचे नाव आम्ही याच पानावर छापू, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. २०११ च्या शिरगणतीत जिल्ह्याची वस्ती ४३ लाख १७ हजारांवर होती. २०२१ ची शिरगणती त्या साली झाली नाही, ती २०२७ साठी ठरविली गेली.

शिरगणतीत वर्षातून सहा महिने वा अधिक काम करणारा मुख्य कामकरी आणि त्याहून कमी करणारा सीमांतिक, असे दोन भाग पाडण्याची चाल आहे. आमच्या लोकांचा मान असा की, दारात आलेल्या गुरुजीपुढे "काम नाही" म्हणावयास पुरुष लाजतो. आणि बाई तर वळलेल्या विड्या सुपात असतानाच "मी घरीच असते" म्हणून मोकळी होते. दोघांचीही उत्तरे खोटी, आणि दोन्ही त्यांच्याच मुळावर येणारी. तेव्हा आमच्या शेतकरी-कामकरी बंधुभगिनींस विनंती आहे की, शिरगणतीवाला वा पाहणीवाला दारी आला म्हणजे त्याला धंद्याचे नाव सांगावे आणि लगेच दिवस सांगावे: "माग चालवितो, वर्षात पाच महिने", "विड्या वळते, आठवड्यात चार दिवस", "कोयता घेऊन जातो, चार महिने, बाकी मिळेल ते." तो काय लिहितो ते वाचून दाखवावयास सांगावे. आणि त्यासाठी आजपासून घरातल्या दिनदर्शिकेवर, जिथे दुधाचा रतीब लिहिता तिथेच, ज्या दिवशी मजुरी मिळाली त्या तारखेला पेन्सिलीने एक रेघ मारावी. बाईच्या कामाची रेघ वेगळी.